वहिनींच्या मापाची गाडी

अण्णाची शेवटची भेट आठवली की आधी हसू येतं आणि मग डोळे भरतात. दिवाळी करून मी बार्शीला परत निघाले होते. सोलापूरच्या स्टँडवर त्यानं माझी पेटी एका हातानं उचलली, लगेच खाली टेकवली आणि चारचौघांत ओरडला, "काय गं, दगडं भरून नेतीस का सासरी? निम्मं सामान काढ की!" एस.टी. हलेपर्यंत तो खिडकीशी उभा राहून माझ्याशी त्या पेटीवरूनच भांडत होता. मीही काही कमी नाही, मीही भांडले. पुढच्याच पंधरवड्यात शेजारच्या दुकानात फोन आला. काका बोलत होते... मिलमधून घरी आला, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकला, एवढंच ऐकू आलं. पुढचं मी ऐकलंच नाही. माझा थोरला भाऊ गेला, तेही पन्नाशी गाठायच्या आत.

अण्णा एका कापड गिरणीत यंत्रं दुरुस्त करणाऱ्या खात्यात होता. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती तोलून बघायची आणि मग "ह्यातलं काय काढता येईल?" म्हणायचं, ही त्याची खोड. अव्वाचा, म्हणजे आमच्या आईचा, पाटा सोडला तर घरातली एकही वस्तू त्याच्या तडाख्यातून सुटली नाही. खुर्चीच्या पायांना भोकं पाडून ती हलकी करणारा माणूस आख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. आम्ही त्याला चिडवायचो, तो दात काढून हसायचा आणि पुढच्या खुर्चीकडं वळायचा.

पण हे वेड एकदा खरोखरच कामी आलं, ते निर्मलावहिनींच्या बदलीच्या वेळी. वहिनी शाळामास्तरीण. लहानपणी पोलिओनं त्यांचा डावा पाय बारीक राहिलेला, पण शहरातल्या शाळेत त्या चालत जायच्या, कुणाला कधी त्रास दिला नाही. बदली झाली अक्कलकोट रस्त्यावरच्या एका खेड्यात. एस.टी.ची पायरी उंच, त्यात गर्दी. पहिल्याच आठवड्यात रेटारेटीत त्या पडल्या आणि तोच पाय मुरगळला. वहिनी बिनपगारी रजेवर घरी बसल्या. अव्वाचं एकच पालुपद, "साकु आता, पुरे झालं! कशाला पायजे ती नोकरी? घरात काय कमी हाय?"  वहिनींनी फक्त जेवण कमी केलं. मुलांना शिकवणं हेच त्यांचं सगळं होतं, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सासूला ते सांगणार कोण?

अण्णानं सांगितलं नाही, पण एके दिवशी जेवता जेवता म्हणाला, "गाडी करू." विकतची मोटार आमच्या आवाक्यातली नव्हती, आणि असती तरी तिला पेट्रोल कुठून घालणार? त्याच वर्षात पेट्रोलचे भाव असे भडकले होते की डॉक्टरसुद्धा सायकली काढायला लागले होते. अण्णाचं म्हणणं वेगळंच होतं. एका मास्तरणीला शाळेत न्यायला एवढं लोखंड कशाला ओढत न्यायचं? गाडी एवढी हलकी पाहिजे की वाटेत बंद पडली तर निर्मलेला ती एकटीला बाजूला घेता आली पाहिजे. "आणि वाऱ्याला आडवी जायची न्हाई," तो ताटात बोटानं आकार काढत म्हणाला. "वारा फुकट हाय गं, पण त्याला फाडायला पेट्रोल लागतंय."

टांग्याचे टप बनवणारे इस्माईलभाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. त्यांच्याकडून बांबूच्या कामट्या वाकवून घेतल्या आणि सांगाडा तयार झाला. पुढं दोन चाकं, मागं एक, भंगारातलं स्कूटरचं इंजिन आणि सगळे कंट्रोल हातात, म्हणजे पायाला कामच नाही. पुढून गोल, मागं निमुळती. "कैकू इतना पतला करते, अण्णा? ये गाडी हाय के टोकरी?" असं म्हणत इस्माईलभाई हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी अजून पातळ कामट्या घेऊन यायचे. वर पत्र्याच्या ऐवजी मांजरपाट ताणून बसवला आणि तो कडक व्हावा म्हणून त्यावर चिंचोक्याच्या खळीचे थरावर थर दिले. सुताला खळ देतात तशीच कापडालाही देऊ, हे गिरणीतल्या माणसाचं डोकं. वाळल्यावर कापड टणटण वाजायला लागलं, तेव्हा अण्णाच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू!

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली ती थेट गावातल्या गर्दीच्या सात रस्ता चौकात. हौस! वहिनींना शेजारी बसवलं, एका हॉटेलापुढं गाडी लावली आणि दोघं आत चहाला गेली. बाहेर येऊन बघतात तर काय, एक गाय गाडीचं नाक चाटूनपुसून, फाडून, शांतपणे चघळत उभी! खळ म्हणजे शेवटी खाणंच की. भोवती ही गर्दी. कुणीतरी विचारलं, "मालक, गाडीला वैरण किती लागती?" अण्णा कशालाही हसणारा, पण त्या दिवशी हसला नाही. गाडी कामट्यांची फासळी दाखवत घरी आली. रजा संपत आलेली. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या आता. मी राजीनामा लिहिते." हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की अव्वासुद्धा उठून गाडीचं फाटकं कापड चाचपून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी अण्णा गिरणीतून थेट बाजारात गेला. मग अळशीचं तेल आणि राळ आणून शिजवायला बसला. गल्लीभर असा वास सुटला की शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. नव्या कापडावर त्या रोगणाचे हात चढले, गाडी काळपट जांभळी दिसायला लागली आणि पोरांनी तिचं नाव ठेवलं, वांगं. गल्लीतल्या गाई येऊन हुंगायच्या आणि तोंड फिरवून निघून जायच्या. अव्वा उंबऱ्यात बसून हे बघायची आणि पदराआड हसायची.

मग वाऱ्याची परीक्षा, त्यासाठी आम्ही दोघं बार्शीहून मुद्दाम आलो. शेजारच्या पद्मशाली विणकरांकडून रंगीत सुताचे तुकडे आणून अण्णानं ते गाडीभर चिकटवले. गाडी तो चालवणार, आणि आमच्या ह्यांच्या फटफटीवर मागं बसून मी बाजूनं बघत जायचं. "जो दोरा अंगाला चिकटून राहतोय तिथं वारा सरळ चाललाय. जो नाचतोय तिथं भांडतोय. मला फक्त नाचणारे सांग." अक्कलकोट रस्त्यावर मी घसा फोडून ओरडत होते, "शेपटाकडचे सगळे नाचायलेत रे!" शेतातली माणसं काम टाकून बघत उभी. अण्णानं शेपूट लांब केलं, पुन्हा दोरे, पुन्हा माझी ओरड. चौथ्या का पाचव्या खेपेला सगळे दोरे गप्प झोपले, आणि गाडी भुर्रकन पुढं निघून गेली. जेवढ्या पेट्रोलात आधी नुसतं जाणं व्हायचं, तेवढ्यात आता जाऊन-येऊन व्हायला लागलं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की बाळंतपणातसुद्धा झाला नव्हता. खोटं कशाला बोलू?

रजा संपली त्या सकाळी वहिनींनी गाडी स्वतः ढकलत अंगणातून रस्त्यावर आणली. अव्वानं ओवाळलं आणि पुढं नारळ बांधला. अण्णा म्हणाला, "अव्वा, नारळ उतरव. वजन होतंय." अव्वानं त्याला अशी काही शिवी हासडली की ती इथं छापता येणार नाही. नारळ फोडून खोबरं वाटलं, आणि वहिनी गेल्या. अशा त्या पाच-सहा वर्षं जात राहिल्या. अण्णाला वाटायचं, अशा गाड्या सगळ्यांसाठी झाल्या पाहिजेत, टपालवाल्यासाठी, नर्सबाईसाठी, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी. लोक यायचे, बघायचे, एका हातानं उचलून बघायचे आणि "बांबूची गाडी कोण घेणार?" म्हणून चहा पिऊन जायचे. तो खट्टू व्हायचा नाही. "आज न्हाई तर उद्या, हेच करायला लागणार हाय बघ," म्हणायचा. मला ते आजही पटतं.

तो गेल्यावर बाराव्याला सगळे जमले तेव्हा काकांनी विषय काढलाच. आता ह्या गाडीला हात कोण लावणार, मोडली तर कोण सांधणार, निर्मलेनं आता नोकरी सोडावी हेच बरं. माझं डोकं सणकलं, पण वहिनी बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या.  अण्णानं जे केलं ते सगळं आता मातीमोल होणार, असं वाटून मी तशीच बार्शीला परत आले.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. परसातल्या पत्र्याच्या खोलीचं दार उघडं होतं. वहिनी पाटावर बसल्या होत्या, हाताला रोगण लागलेलं, आणि गाडीला स्कूटरचा एक गोल आरसा बसवत होत्या.

"आरसा?" मी विचारलं. "अण्णा तर म्हणायचा, आरसा वाऱ्याला अडवतो."

"म्हणायचे खरं," वहिनी म्हणाल्या. "पण कारण ते नव्हतं, वन्सं. रोज सकाळी ते गिरणीतल्या दोस्ताची फटफटी मागून घेऊन माझ्या मागं यायचे, पार गावाच्या वेशीपर्यंत. मला कळू नये म्हणून आरसा नाही. शाळेतली पोरं मला रोज सांगायची, बाई, तुमचं मालक आल्तं आन् परत गेलं... मला वाटलं होतं, सुरुवातीला काही दिवस येतील आणि थांबतील. शेवटपर्यंत येत होते. एवढं पेट्रोल वाचवलं, आणि माझ्या मागं फिरून सगळं जाळलं की हो!"

त्या हसल्या आणि मला रडू फुटलं. "रडताय काय? तो पाना द्या इकडं. सोमवारी शाळा आहे," त्या म्हणाल्या. मी पाना दिला.

सोमवारी अव्वा आणि मी दारात उभ्या होतो. वांगं गल्लीच्या टोकाला पोचलं तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. वहिनींनी मागं वळून बघितलं नाही, पण त्यांचाही हात वर झाला.