पोरींना उभं करणाऱ्या मॅडम

आमच्या शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाची एक गंमत होती. त्या दमायच्या नाहीत. सामना संपला तरी आणखी एक खेळायला तयार. पण चेंडूपाशी वेळेवर पोचायच्याही नाहीत. सांगलीत शहरातल्या एका शाळेशी खेळलो, तेव्हा प्रत्येक चेंडू त्यांच्या मुलींनी आधी गाठला आणि आमच्या मागून येत राहिल्या, बाजाराला निघाल्यासारख्या. परतीच्या एसटीत मी कुणाशी बोलले नाही. माझा राग मुलींवर नव्हता, राउंडवर होता.

राउंड म्हणजे मैदानाला फेऱ्या. मी साताऱ्याची. पलूसजवळच्या या गावात खेळाची शिक्षिका म्हणून आले तेव्हापासून बघते, इथं पळणं म्हणजे लांब पळणं. घराघरातून कुणी ना कुणी सैन्यात, आणि पहाटे रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं. माझ्या मुलीही लहानपणापासून तेच बघत, तेच करत आलेल्या. त्यांना कितीही वेळ पळता येत होतं, पण जोरात पळता येत नव्हतं.

म्हणून मी सुट्टीत बसून त्यांच्यासाठी वेगाचा कार्यक्रम आखला. मंगळवारी आणि शुक्रवारी स्प्रिंट, मधल्या दिवसांत फक्त चेंडूचं काम. राउंड पूर्ण बंद. अंतर थोडंसंच, पण जीव तोडून. कधी पालथं झोपून उठायचं आणि सुटायचं, कधी मी पाठीमागून चेंडू सोडायचा आणि तो दिसल्यावर निघायचं, कारण सामन्यात कुणी रेषेवर उभं करून शिट्टी देत नाही. आणि प्रत्येक वेळी पळून झाल्यावर थांबायचं. श्वास जागेवर आला की नाही हे कळावं म्हणून मी प्रत्येकीला डब्यात काय आणलंय ते विचारायची. भाजीचं नाव धाप न लागता सांगता आलं की पुढची धाव. दमलेल्या पायांना वेग शिकवता येत नाही, एवढं साधं गणित होतं.

पण आमचं मैदान रस्त्याला लागून. उसाचे ट्रॅक्टर जाणार, फिरायला निघालेले निवृत्त फौजी जाणार, आणि मैदानात बारा-पंधरा मुली उभ्या राहून भाजीच्या गप्पा मारताना दिसणार. आठवड्याभरात गावात माझं नाव पडलं, पोरींना उभं करणाऱ्या मॅडम. कुंपणापलीकडून लोक ओरडून जायचे, उभ्या काय राहिलाय, पळा की. आणि माझ्या गुणी मुली लगेच पळायला लागायच्या. मला इतका संताप यायचा की एकदा मी एका आजोबांनाच आत येऊन पळायला सांगितलं. ते हसत निघून गेले, मुलीही हसल्या, मी मात्र दिवसभर धुमसत होते.

संघातली डाव्या बाजूने खेळणारी एक मुलगी नववीत होती. चेंडू तिच्या पायाशी आला की तो तिचाच होऊन जायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर सांगलीला सरकारी क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती. निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण, फुटबॉल सगळं तिथंच. नाही झाली तर दहावीपासून फुटबॉल बंद आणि पोलीस भरतीची तयारी सुरू, असं तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्याकडं फौजी घरी परतला की गाव त्याला मेजरच म्हणतं. मीही मेजरच म्हणायची.

बाकीच्या मुली हळूहळू वेगात आल्या. आणि हीच, जिच्यासाठी मी सर्वात जास्त जीव टाकत होते, ती मंद होत गेली. स्टॉपवॉच बघायचीही गरज नव्हती, तिची पावलंच जड पडत होती. मी विचारलं तर मान खाली. मला वाटलं, कुंपणावरचे लोक म्हणतात ते खरं असेल. पुस्तकात वाचून केलेलं सगळं इथल्या मातीत चालत नसेल. त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती, कारण चुकले असते तर त्याची किंमत तिनं भरली असती.

मग एका शनिवारी मी घरी जायला पहाटेची एसटी पकडली. गावाबाहेर उसाच्या रस्त्यावर एसटीच्या दिव्यांच्या उजेडात कुणीतरी पळताना दिसलं. तीच होती. मागून मेजर मोटरसायकलवर, हॉर्न न वाजवता, सावकाश. साताऱ्याला पोचेपर्यंत मी खिडकीतून एकही गाव पाहिलं नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर सरळ त्यांच्या घरी गेले. भांडायला गेले होते, पण दारातच त्यांनी खुर्ची पुढं केली, आत चहाचं सांगितलं, आणि माझा आवाज अर्धा तिथंच उतरला. तरी बोलले. किती दिवस पळवताय, ती पोर सुकत चाललीय, तुम्हाला दिसत नाही का, असं बरंच काही. माझं झाल्यावर त्यांनी सगळं कबूल केलं. रोज पहाटे पळवत होते, आणि मॅडमना वाईट वाटेल म्हणून सांगू नको, असं मुलीला बजावलं होतं.

"आवं मॅडम, तुमी चांगलं शिकवता, त्यात वाद न्हाई," ते म्हणाले. "पर आमची थोरली पोलीस भरतीला उतरली हुती. आधी तिला ताप आला. मी आठ दिवस तिला झोपू दिली. आन् पळण्यात ती थोडक्यात हुकली. म्या तिला तिथंच मैदानावर, सगळ्यांम्होरं म्हनलं, झोपून ऱ्हायलीस म्हनून घालवलंस. परत त्या पोरीनं बूट घातलं न्हाईत. लगीन करून दिलं. आता ह्या धाकटीला मी कसं झोपू दिऊ?"

माझा सगळा राग गेला. भांडायचं कुणाशी, तेच कळेना. मी एवढंच म्हणाले, मला एक महिना द्या. पहाटेचं पळणं बंद करा आणि पटत नसेल तर रोज मैदानावर येऊन बघा.

ते आले. पहिले काही दिवस त्यांचे हाल बघवत नव्हते. मुली थांबल्या की त्यांचे हात नुसते चुळबुळायचे. मग कुणीतरी रस्त्यावरून नेहमीचं ओरडलं, आणि मेजर कुंपणापाशी गेले. "ड्युटीवर हायती त्या. इसावा बी ड्युटीच हाय. तुमी चला," असं त्यांनी करड्या आवाजात सुनावलं. त्यानंतर ते काम त्यांनी मागूनच घेतलं. थांबण्याच्या वेळेत एखादी मुलगी उगाच उड्या मारताना दिसली तरी तिला सावलीत बसवायचे. माझ्यापेक्षा कडक.

धाकटी सुरुवातीला नुसती झोपत होती. गणिताच्या सरांनी तक्रार केली, वर्गात डोळे मिटते म्हणून. मी म्हणाले, मिटू द्या. तिसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी मी चेंडू सोडला आणि ती त्याच्या पुढं निघून गेली, थांबून वळून पाहावं लागलं तिला. तीच दचकली होती. मेजरांनी तोंड फिरवून चष्मा पुसला.

चाचणीच्या दिवशी सांगलीत रणरणतं ऊन होतं. पहिल्या धावेत तिचा पाय घसरला. दुसरी संधी यायला बराच वेळ होता आणि आजूबाजूच्या सगळ्या मुली मैदानाच्या कडेने पळत होत्या, त्यांचे पालक टाळ्या वाजवत होते. ही लिंबाखाली तोंडावर टॉवेल टाकून आडवी, आणि मेजर शेजारी उभे. मला शंभरदा वाटलं, तिला उठवावं. त्यांना काय वाटत असेल ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं. पण नंबर पुकारेपर्यंत त्यांनी तिला हात लावला नाही. उठली, आणि मी तिला तशी पळताना कधीच पाहिली नव्हती.

संध्याकाळी नावं वाचली, त्यात तिचं होतं. सोबत आलेल्या संघातल्या मुली तिला घेऊन नाचत होत्या, मी रडत होते, आणि मेजर कुठं दिसेनात. बाटल्या भरायला नळापाशी गेले तर ते भिंतीकडं तोंड करून फोनवर बोलत होते. थोरलीला निकाल सांगून झाला होता. मी परत फिरणार होते, तेवढ्यात त्यांचा आवाज आला.

"तवा तुला झोपू दिलं ते चुकलं न्हवतं बाळा. तापातनं उठलेल्या अंगात तू पळलीस तेच लय हुतं. मी बोललो, ते चुकलं."

मेजर फोन कानाला धरून तसेच थांबले. मग त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"