भागवतरावांचं मंजूर झालेलं निवेदन

गाव सुधारण्याची कल्पना ज्याच्याकडं नाही असा माणूस आमच्या गावात शोधायचा झाला, तर स्मशानात जावं लागेल. जिवंत माणसांकडं किमान दोन-दोन कल्पना आहेत. केजपासून जीपनं अर्ध्या तासावरचं हे गाव परवा-परवापर्यंत ग्रामपंचायतीचं होतं. आता नगरपंचायत झाली म्हणून ते स्वतःला शहर म्हणवून घेतं, गटारी मात्र खेड्यातल्याच राहिल्या आहेत. या सगळ्या कल्पनावाल्यांचे मुकुटमणी म्हणजे आमचे भागवतराव.

वय पन्नाशीला टेकलेलं, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झाल्यावर त्यांना समाजसेवेची ओढ लागली. ग्रामपंचायतीला एकदा उभे राहिले, चौदा मतं पडली. पुढं उज्ज्वलावहिनींनी पिठाची गिरणी चालवून घर चालवलं आणि हे गाव चालवायला मोकळे झाले. बाजारतळाच्या कोपऱ्यावर, सरकारी जागेत, त्यांनी एक पत्र्याचं शेड ठोकलं आणि वर पाटी लावली, 'जनसंपर्क कार्यालय'. आत एक टेबल, सात खुर्च्या आणि भिंतभर फोटो.

फोटो सगळे एकाच साच्यातले. मध्ये कुणीतरी साहेब, समोर भागवतराव, दोघांच्या मध्ये एक कागद आणि त्या एका कागदाला लागलेले आठ-नऊ हात. ज्याचा हात कागदापर्यंत पोचत नाही तो पुढच्याच्या कोपराला धरतो. निवेदन देताना आमच्याकडं हात लागलेला दिसलाच पाहिजे, नाहीतर पेपरात नाव येत नाही. साहेब तो कागद वाचत नाहीत आणि वाचावा अशी भागवतरावांचीही अपेक्षा नसते. फोटो निघाला की मागणी संपली. बावीस वर्षांत त्यांनी अशी चारशेच्या वर निवेदनं दिली आणि त्यातलं एकही मंजूर झालं नाही. हे ते अभिमानानं सांगतात.

मला हे इतकं ठाऊक आहे, कारण ती निवेदनं मी टाइप करतो. मी नाथा. नगरपंचायतीच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तेव्हा भागवतरावांना नावं ठेवताना मी काही फार लांब उभा राहून बोलत नाही.

त्या चारशेतलं एक निवेदन मात्र खरं होतं. बाजारतळावर बायकांसाठी मुतारी बांधा, एवढीच मागणी. दर मंगळवारी आमचा बाजार भरतो. कडूबाई सकाळी सातला वांगी आणि मेथी घेऊन बसते ती पाचपर्यंत. साठीची बाई. जायला जागा म्हणजे जनावरांच्या बाजाराची पडकी भिंत, आणि तिच्या आडोशाला दिवसभर पुरुष पत्ते खेळत बसलेले. म्हणून कडूबाई मंगळवारी पाणी पीत नाही. उन्हाळ्यातसुद्धा नाही. मागच्या मे महिन्यात चक्कर येऊन स्वतःच्याच वांग्यांवर पडली. डॉक्टरनं मुतखडा सांगितला, रोज तीन लिटर पाणी प्यायचं म्हणाला. ती म्हणाली, "पिते की. मंगळवार सोडून पिते."

अकरा वर्षांपूर्वी भागवतरावांनी याच मागणीसाठी बाजारातल्या एकशेत्रेचाळीस बायकांच्या सह्या घेतल्या होत्या. कडूबाई तेव्हा साक्षरतेच्या वर्गात नुकतीच सही शिकलेली. अंगठा नको म्हणाली, आणि पहिल्या नंबरावर जपून जपून आपलं नाव काढलं. तिच्या आयुष्यातली कागदावरची ती पहिली सही. सह्यांच्या त्या पानांवर वर विषय लिहिलेला नव्हता. भागवतरावांनी तो मुद्दामच लिहिला नव्हता. मग तीच पानं एसटीच्या थांब्याला जोडली, दारूबंदीला जोडली, तेलगावच्या रस्त्याला जोडली. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन सह्या करड्या पडल्या, त्यातल्या अकरा-बारा बायका वारल्या, तरी त्यांच्या मागण्या चालूच होत्या.

यंदा नव्या मुख्याधिकारी मॅडम आल्या. नागपूरकडच्या, तरुण, आणि आल्या आल्या चूक करून बसल्या. गाव सुधारण्यासाठी निधी आलाय, नागरिकांनी कल्पना सांगाव्यात म्हणून त्यांनी बैठक बोलावली. सभागृह खचाखच भरलं. अमरसिंहांना वेशीवर स्वागत कमान हवी होती. अमरसिंह म्हणजे आमचे पुढारी, आधी त्यांचं नाव आणि मग गावाचं, असा कमानीवरचा क्रमही त्यांनी सांगितला. एकाला सेल्फी पॉइंट हवा होता. गुरुजी म्हणवणाऱ्या एकाला रंगीत कारंजं हवं होतं, नळाला अकराव्या दिवशी पाणी येतं त्या गावात. एक जण उठून म्हणाला की आधी गावातली मोकाट माणसं आवरा, आणि सगळ्यात मोकाट तोच होता. या सगळ्यांची मला मनापासून किळस आली. दाराशी कडूबाई उभी होती. ती बोलली नाही, तिला कुणी विचारलंही नाही.

शेवटी भागवतराव उठले आणि सवयीनं मुतारीचं निवेदन वाचू लागले. सवयीनंच, कारण त्या दिवशी तेच फाइलमध्ये वर होतं. मॅडमनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "अकरा वर्षं मागताय? कुणीच केलं नाही?"

"न्हाई मॅडम. पण आमी लढा सोडला न्हाई."

"बरं. हे आपण करू."

भागवतरावांचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा झाला. मुलीला फक्त बघायला म्हणून गेलेल्या माणसाच्या गळ्यात थेट हार पडावा तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडूबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती, हे मी पाहिलं.

दोन दिवसांनी मॅडम टेप आणि नकाशा घेऊन बाजारतळावर आल्या. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला लोकांच्या मालकीच्या जागा. पाणी, ड्रेनेज आणि सरकारी जमीन तिन्ही जिथं जुळतात अशी जागा एकच निघाली. तिच्यावर जनसंपर्क कार्यालय उभं होतं.

"हे शेड कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

"जनतेचं हाय," भागवतराव म्हणाले.

"मग छानच. जनतेसाठीच लागतंय. आठवड्यात मोकळं करा."

त्याच दुपारी ते माझ्या दुकानात आले. बसले नाहीत. कागद पुढं टाकून म्हणाले, "टाइप कर." मजकूर असा होता की बाजारतळासारख्या वर्दळीच्या ठिकाणी महिलांसाठी स्वच्छतागृह बांधल्यास महिलांच्या प्रतिष्ठेस बाधा येईल, तरी समस्त महिलांच्या भावना लक्षात घेऊन सदर काम तात्काळ रद्द करावे आणि निधी स्वागत कमानीस द्यावा. मी टाइप केलं. मग ते म्हणाले, "आता त्या सह्या जोड. बायकांच्या."

"भागवतराव, त्या मुतारी मागायच्या सह्या हायत."

"वर कुठं लिव्हलंय तसं?"

"कडूमावशीची पैली सही हाय त्यात."

"मग? लई शाना झालास का बे? आजवर किती ठिकानी जोडल्यास तू, तवा न्हाई इचारलंस."

ते खरं होतं. मी पानं मशीनवर ठेवली. मला लाज वाटली, आणि पानं एकामागून एक बाहेर येत राहिली.

या निवेदनाला पंधरा हात लागले, अमरसिंहांचाही लागला. मॅडमनी कागद वाचला, सह्या उलटून पाहिल्या, शिपायाला नावं विचारली. बायका खऱ्याच बाजारातल्या निघाल्या. मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "त्यांनाच नको असेल तर मी कुणासाठी भांडू?" बाजारात येऊन एकदा कडूबाईलाच विचारावं, हे त्यांना सुचलं नाही. आठ दिवसांत आदेश निघाला. महिलांचाच विरोध असल्यानं स्वच्छतागृह रद्द, निधी कमानीला. बावीस वर्षांत मंजूर झालेलं भागवतरावांचं हे पहिलं निवेदन.

पुढच्या मंगळवारी मी मेथी घ्यायला गेलो. कडूबाईला शिपायानं सगळं सांगितलं होतं.

"नाथा, त्या कागदावर पैलं नाव माजं हाय म्हनं?"

"हाय, मावशे."

"मीच नगं म्हनले आसं लिव्हलंय?"

"व्हय."

"कावून रं?"

मी मेथीची जुडी उलटसुलट करत राहिलो. दुपारचे दोन वाजले होते, ऊन रणरणत होतं आणि तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

तेवढ्यात भागवतराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. कमान मंजूर झाल्याबद्दल ते अख्ख्या बाजाराचं तोंड गोड करत फिरत होते, मागं फोटोवाला होता. त्यांनी पेढा कडूबाईच्या पुढं धरला आणि मान कॅमेऱ्याकडं वळवली. "घे मावशे. आपलं निवेदन मंजूर झालं."

कडूबाईनं पेढ्याकडं पाहिलं. "नगं," ती म्हणाली. "पेढ्यानं तहान लागती."

आणि गिऱ्हाइकाची वांगी तोलू लागली.

पुढं धरलेला हात तसाच कसा मागं न्यायचा, म्हणून भागवतरावांनी तो पेढा माझ्या हातात दिला. फोटो निघाला. मी पेढा खाल्ला, दुकानात आलो आणि वर तांब्याभर पाणी प्यालो.