समान दर्जाची दोन मोडेम

निवृत्त कारकुनाकडे दोन वस्तू आपोआप साठत जातात. एक, मोडक्या छत्र्या. दुसरी, ऑफिसचे किस्से. छत्री निदान पावसात कोणीतरी मागून नेतो. किस्से मात्र आपणच लोकांच्या गळ्यात घालावे लागतात. काल देवपुरात चौधरीनानांच्या ओट्यावर बसलो होतो. नानांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "एक तडा नाही बघ अजून!" मी म्हटलं, "मोडेमची कृपा!" त्यावर दोघंही इतके हसलो, की आतून अक्कांनी विचारलं, "काय झालं?" अक्कांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

आमचा खरेदी-विक्री संघ. मुख्य कार्यालय जळगावला, आमची शाखा धुळ्यात, आणि शाखेचं खताचं गोडाऊन पांझरेपलीकडे देवपुरात. नव्वदीची सुरुवात होती. शाखेत एक कॉम्प्युटर आला, गोडाऊनमध्ये दुसरा आला. दोघांनी एकमेकांशी बोलावं म्हणून वहीएवढे दोन चपटे डबे आले. हेच मोडेम. एक इकडे, एक तिकडे, मध्ये टेलिफोन खात्याकडून भाड्याने घेतलेली तांब्याच्या तारांची जोडी. लांब पल्ल्याचं काम त्यांना जमायचं नाही, नदी ओलांडण्यापुरतंच. आमच्या शाखेच्या एकूण कर्तृत्वाला ते शोभून दिसायचं.

साहेबांनी, म्हणजे आमच्या शाखाधिकाऱ्यांनी, हे खातं हेडक्लार्क चौधरीनानांकडे दिलं. नानांचं तेव्हा देवपुरात घर बांधायचं चाललं होतं. भिंती ताज्या, रोज संध्याकाळी नाना स्वतः नळी धरून पाणी मारायचे. साहेबांना हे ठाऊक होतं. म्हणून ते फक्त एवढंच म्हणाले, "नाना, लाइन बंद पडली, तर तुमची बदली यावलला."

"साहेब, मग भिंतींना पाणी कोण मारणार?"

"लाइन चालू ठेवा, म्हणजे तुम्हीच मारणार!"

*

टेलिफोन खात्याचा माणूस तारांची जोडी टेबलापर्यंत आणून देऊन गेला. नाना सावध माणूस. त्यांनी ऑफिसचा जुना फोन त्या तारांना जोडला आणि कानाला लावला. घूं नाही की खूं नाही. नानांना डोळ्यांपुढे यावल दिसलं. ते तसेच सायकलवर टांग मारून टेलिफोन ऑफिसात गेले.

"अहो, लाइन पार मेलेली आहे!"

खिडकीतल्या बाबूने मानही वर केली नाही. "काका, ही लाइन मेलेलीच भाड्याने देतात. जिवंत करायचा डबा तुमच्याकडे आहे."

नानांनी परत येऊन साहेबांना अहवाल दिला, "साहेब, मृत्यू नियमानुसार आहे."

*

मग नाशिकहून कंपनीचा इंजिनिअर आला. पोरगेलासा, पण समजावून सांगण्याची हातोटी होती. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की दोन डब्यांपैकी एकाने ठेका धरायचा आणि दुसऱ्याने त्याच्या मागे जायचं. दोघेही ठेका धरून बसले, की भजन बंद. त्यासाठी मागे एक छोटं बटण होतं. शाखेचा डबा त्याने पुढचा केला, गोडाऊनचा मागचा.

दुसरी गोष्ट समोरच्या बटणाची. ते दाबलं, की आपण पाठवलेलं पलीकडे जायचंच नाही. डब्यातूनच वळून आपल्याकडे परत यायचं. आपलं यंत्र ठीक आहे की नाही, हे तपासायची ती सोय. आम्ही त्याला परतीचं बटण म्हणायला लागलो. पडद्यावरच्या वरच्या अर्ध्या भागात आपलं लिहिलेलं दिसे, खालच्या अर्ध्यात पलीकडून आलेलं.

लाइन लगेच चालू झाली. त्या संध्याकाळी नानांनी भिंतींना इतकं पाणी मारलं, की शेजारी म्हणाले, "नाना, घर बांधताय की विहीर?"

*

गोडाऊनच्या कॉम्प्युटरवर आबा बसायचे. आबा मूळचे हमालांचे मुकादम, बोलणं अस्सल अहिराणी. प्लगजवळची खुर्ची त्यांची होती, म्हणून ते ऑपरेटर झाले. संघात यापेक्षा मोठी पात्रता कोणाचीच तपासली गेली नव्हती.

एके सकाळी नानांनी फडक्याने मोडेम पुसलं आणि आबांना सलामी दिली, "गुड मॉर्निंग."

खाली उत्तर आलं, "गुड मॉर्निंग."

नाना खूश. "हाऊ आर यू?"

"हाऊ आर यू?"

"बघा," नाना आम्हाला म्हणाले, "उत्तर देत नाही, उलट आपल्यालाच विचारतो. ही खरी इंग्रजी रीत!" मग त्यांनी विचारलं, "स्टॉक रिपोर्ट सेंट?" खालून तोच प्रश्न. पुन्हा विचारलं, पुन्हा तोच प्रश्न. नानांचा पारा चढला. त्यांनी टाइप केलं, "नॉनसेन्स!"

"नॉनसेन्स!"

नानांनी थेट गोडाऊनचे व्यवस्थापक बाविस्करभाऊ यांना फोन लावला. "भाऊ, तुमचा आबा मला नॉनसेन्स म्हणतो!"

"आबा? ते कालपासून भाच्याच्या लग्नाला गेलेत. खोलीला कुलूप आहे."

पुसताना परतीचं बटण दाबलं गेलं होतं. पुढचे कित्येक दिवस नानांनी ऑफिसात कोणालाही नॉनसेन्स म्हटलं नाही. हा शब्द नेमका कुठे जातो, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं!

*

खंडेनवमीला शस्त्रपूजा. शाखेत आम्ही टाइपरायटर पुजला, पंचिंग मशीन पुजलं. दसऱ्याची सुट्टी संपली आणि सकाळीच गोडाऊनमधून आबांचा फोन.

"नाना, बठ्ठा दिवा लाल शेतस! हिरवा एक बी नही!"

डब्यावर हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. बठ्ठा लाल म्हणजे सगळंच संपलं! साहेबांनी नाशिकला फोन केला आणि मग नानांकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात यावलच्या एसटीचं पूर्ण वेळापत्रक होतं.

इंजिनिअर दुपारी आला, देवपूरला गेला. मोडेमसमोर उभा राहिला, खिशातून रुमाल काढला आणि दिव्यांवरून एकदा फिरवला. सगळे हिरवे!

"आबा, हे काय?"

"मीच त्यासले कुकू लाई दिधं. पूजा व्हती ना!"

इंजिनिअरने सर्व्हिस रिपोर्टात लिहिलं: 'बाह्य कारणामुळे रंगबदल. दुरुस्त केले.'

*

इथवर सगळं सुरळीत होतं. पण इंजिनिअर जाता जाता बाविस्करभाऊंना सहज म्हणाला, "तुमचा डबा मागचा आहे ना, त्याला काही करायचं नाही. शाखेच्या मागे जात राहायचं."

भाऊंचा चेहरा पडला. ते साहेबांपेक्षा नोकरीने ज्येष्ठ. बढतीत मागे राहिलेले, आणि आता डब्यातही मागे! इंजिनिअरची जीप पुलावर पोचली नसेल तोच भाऊंनी मागचं बटण सरकवून आपला डबा पुढचा केला. दोघे पुढारी झाले आणि लाइन बंद.

नाना साहेबांना म्हणाले, "आपलाच मागे करू या. काम होईल."

"म्हणजे शाखा गोडाऊनच्या हाताखाली? नाना, शिस्त नावाची काही चीज आहे!"

प्रकरण जळगावला गेलं. कोणाचं मोडेम पुढे, कोणाचं मागे, याबाबत मार्गदर्शन व्हावे. मुख्य कार्यालयाने पुरेसा विचार केला, दोन्ही बाजूंचे खुलासे मागवले आणि शेवटी शिक्क्यासह आदेश आला: 'दोन्ही मोडेम समान दर्जाची मानण्यात यावीत.'

संपलं! लेखी आदेशाविरुद्ध बटण हलवायची छाती कोणाची? दोन्ही डबे मानाने ताठ बसून राहिले. आबा सायकलवरून फ्लॉपी आणायला लागले, भाकरीच्या डब्यात, भाकरीच्या वर. डबा टेबलावर ठेवून म्हणायचे, "पोचना!", म्हणजे पोचला. ठेच्याचा वास असलेली आकडेवारी जळगावला जाऊ लागली. तिकडून फोन आला, "धुळे-देवपूर माहितीचा वेग कसा आहे?"

साहेब म्हणाले, "पुलाच्या चढावर थोडा कमी. उतारावर उत्तम!"

*

आमच्याकडे कुठलीही वस्तू बंद पडल्याशिवाय तिचं उद्घाटन होत नसे. त्यामुळे अध्यक्षांना नेमका त्याच सुमारास वेळ मिळाला.

अध्यक्ष मोठे गृहस्थ. संघात त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत लोक 'हो साहेब' म्हणत, पण पाठ फिरली की प्रत्येक जण त्यात स्वतःचं काहीतरी घालत असे. याची त्यांना कायम खंत.

साहेबांचा चेहरा खताच्या गोणीसारखा झाला होता. "नाना, आज अध्यक्षांना उत्तर आलं नाही, तर मी तुमच्या बदलीच्या कागदावर त्यांच्यासमोरच सही करीन. सगळ्या शाखेत जबाबदार तुम्हीच आहात!"

"आणि तो लेखी आदेश, साहेब?"

"तोही पाळायचा आहे!"

शाखेत हार आले, नारळ आला. गर्दी झाली म्हणून गोडाऊनचे हमालसुद्धा पाणी-पेढे वाटायला बोलावले होते. आबाही पेढ्यांचं ताट घेऊन खुर्चीमागे उभे होते. देवपूरची खोली बंद.

अध्यक्ष कॉम्प्युटरसमोर बसले. नाना मोडेमवरची धूळ पुसायला पुढे झाले. नवीनच फडकं होतं. पुसून मागे सरकले आणि हात जोडून उभे राहिले.

अध्यक्षांनी एका बोटाने टाइप केलं, "नमस्कार." अक्षरं इंग्रजी, पण भाव मराठी.

खाली आलं, "नमस्कार."

टाळ्या! साहेबांनी घाम पुसला. बाविस्करभाऊ मात्र पडद्याकडे आणि आबांकडे आळीपाळीने बघत होते.

अध्यक्ष रंगात आले. "संघाची प्रगती चांगली आहे."

"संघाची प्रगती चांगली आहे."

"याचे श्रेय अध्यक्षांना आहे."

"याचे श्रेय अध्यक्षांना आहे."

अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. डोळे पाणावल्यासारखे वाटले. मग साहेबांना म्हणाले, "इतकी वर्षं संघात काढली. माझ्या बोलण्यात स्वतःचा एक शब्दही न घालणारा माणूस आज भेटला! आणि ही लाइन कोणी सांभाळली?"

साहेबांना बोट दाखवावंच लागलं. "हे आमचे नाना."

"यांना धुळ्यातून हलवायचं नाही. लिहून ठेवा."

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. भिंतींना पाणी मारायची वेळ होत आली होती.

"आणि पलीकडे देवपूरला कोण बसलंय?"

साहेब उद्घाटनाच्या नारळाकडे बघायला लागले. बाविस्करभाऊंच्या तोंडून निसटलं, "आबा."

"वा! आबा!" अध्यक्षांनी मागे वळून समोरच्या ताटातला सर्वांत मोठा पेढा उचलला आणि ताट धरणाऱ्याच्या हातात दिला. "हा आत्ताच्या आत्ता देवपूरला आबांना पोचला पाहिजे. माझ्याकडून."

आबांनी पेढा कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि म्हणाले,

"पोचना, साहेब!"