बाथरूमला गाली पाहिजे!

आमच्या दुकानात अप्पांचा नियम आहे, कटिंगचा तुकडा फेकायचा नाही. कधी ना कधी कामाला येतो. त्यामुळे कोपऱ्यात अॅल्युमिनियमच्या तुकड्यांचा ढीग, आणि तसाच ढीग माझ्या डोक्यात. चौदा वर्षं झाली मुखेडात खिडक्यांची मापं घेऊन राहिलो. लोक म्हणतात, खिडकीत काय किस्से असणार? अरे बाबांनो, हॉलची खिडकी दाखवायची असते, पण बाथरूमच्या खिडकीला माणूस खरं बोलतो!

दुकानात आम्ही तिघंच. मालक अप्पा, मूळचे उदगीरचे. कपाळाला भस्म, तोंडात कानडी-मराठी दोन्ही. फिटिंगला युसूफभाई. आणि मापाला मी, बालाजी. या दोघांचे माझ्यावर लई उपकार आहेत. कसे, ते शेवटी सांगतो.

*

युसूफभाई नवीन होते तेव्हाची गोष्ट. देगलूरला एका म्हातारीकडं बाथरूमची खिडकी बसवायला गेले. सोबत मी होतो, पण चहा प्यायला टपरीवर सटकलो होतो.

परत येतो तर युसूफभाई भिंतीला टेकून घाम पुसताहेत, आणि म्हातारी हात ओवाळून ओवाळून ओरडतेय, "गाली रावाली! गाली! लई गाली पाहिजे!"

मला बघून युसूफभाई हात जोडून म्हणाले, "बालाजीभाई, तुमीच दो इनको. मैं नमाजी आदमी, मेरे से गाली नै होती!"

मला काही समजेना. अप्पांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. म्हातारीनं परत तेच सांगितलं, आणि तिकडून अप्पा असे हसले की फोन हातात थरथरला. "अरे, तेलगूत गाली म्हंजे वारा! आमच्या कानडीत बी तेच. आजीला हवा पाहिजे, शिव्या न्हाईत!"

म्हातारीला कळल्यावर ती तर खालीच बसली हसत. जाताना युसूफभाईंना पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या. तेव्हापासून आमच्या दुकानात हवेला गालीच म्हणतात. गिऱ्हाईक आलं की अप्पांचा पहिला सवाल, "बाथरूमला गाली किती देऊ?" नवीन माणूस दचकतोच!

*

छोट्या खिडकीला आमच्या लाइनीत व्हेंटिलेटर म्हणतात. म्हणायचे. माझ्यापायी तो शब्द बंद झाला.

कोरोना नुकताच ओसरला होता. जळकोटकडच्या एका गिऱ्हाइकाची खिडकी तयार झाली, म्हणून मी घरी फोन केला. फोन त्याच्या आईनं उचलला.

मी म्हणालो, "मावशी, व्हेंटिलेटर आलाय. आज लावायचा का उद्या?"

"कुणाला?"

"तुमच्याच घरी. बाथरूममध्ये."

फोन कट! मला वाटलं रेंज गेली. दोन तासांनी, फोन नंबरावरून पत्ता काढत, दुकानापुढं एक जीप थांबली. त्यातून अकरा माणसं उतरली, अर्धी रडत. आणि ज्याच्यासाठी रडत होती तो पठ्ठ्या आमच्याच दुकानात बसून हँडल निवडत होता!

मावशीनं आधी लेकाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. धडधाकट आहे बघून त्याच्या गालावरून बोटं मोडली. मग माझ्याकडं वळली. "रोशनदान म्हन की रे मेल्या! बापजाद्याचा शब्द हाय, तोंड झडतंय का तुझं?"

अप्पांनी अकरा चहा मागवले. बोर्डावरचा व्हेंटिलेटर त्याच दिवशी पुसला गेला.

*

एक सर आले होते. मोबाइलमध्ये फोटो, कुठल्या तरी परदेशी बंगल्याचा. बाथरूमला जमिनीपासून छतापर्यंत साधी काच! म्हणे, अस्सीच पाहिजे, पुढं सगळा व्ह्यू दिसला पाहिजे.

अप्पांनी फोटो नीट बघितला. "सर, तुमचं घर बाजाराच्या रस्त्याला ना?"

"हाव."

"मग तुम्हाला गाव दिसन आणि गावाला तुम्ही. फायदा कुणाचा?"

सरांनी दुधी काच नेली.

दुसऱ्या एकानं मात्र ऐकलं नाही. त्याला आरशाची काच हवी होती, आतून दिसतं पण बाहेरून दिसत नाही ती. बसवून दिली. चार दिवसांनी हजर! दिवेलागणीला आत लाइट लावून आंघोळ करत होता, तर शेजारच्या काकूंनी भिंतीआडून आवाज दिला, "भाऊजी, लाइट तरी बंद करा हो!"

युसूफभाईंनी शांतपणे समजावलं, "इस काच का ऐसाच है भाई. दिन कू आईना, रात कू टीवी."

*

आता अप्पांच्या हट्टाबद्दल. बाथरूमला ते बंद काच देतच नाहीत. आडव्या पट्ट्यांच्या काचा, क्लिपमध्ये बसवलेल्या, कायम थोडी फट राहणाऱ्या, ह्याच देणार. "गिझर भाईर, रोशनदान उघडं," हे पालुपद. कितीतरी गिऱ्हाइकं ह्यावरून दुसऱ्या दुकानात गेली.

एकदा एक आडत व्यापारी भडकले. "अप्पा, ह्या पट्ट्या बाहेरून निघतेत! चोर हात घालून कडी काढील की!"

अप्पा म्हणाले, "बाथरूममधून काय नेणार, साबन? आन् जिथं चोराचा हात जातो, तिथं घरच्याचा बी जातो."

व्यापारी तणतणत निघून गेले. मीही चिडलो. "अप्पा, द्यायची होती ना बंद काच! गेलं की गिऱ्हाईक."

अप्पांनी हातातला टेप गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "उदगीरला आमच्या शेजारी नवी सून आली होती. आठ दिवस झाले होते लग्नाला. आत गॅसचा गिझर, खिडकी बंद. बंद खोलीत गिझर जळला की विषारी वायू होतो, त्याला ना वास, ना धूर. पोरगी आंघोळीला गेली ती उठलीच न्हाई. ती काच मीच बसवली होती बालाजी, ह्या हातानं."

त्यानंतर मी कधी वाद घातला नाही.

*

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझं घर झालं तेव्हा घरभरणीचा आहेर म्हणून अप्पांनी बाथरूमचं रोशनदान फुकट दिलं. आमचं बाथरूम अंगणात, दार आणि रोशनदान एकाच भिंतीला, शेजारी शेजारी. गॅसचा गिझर मात्र मी आतच लावला. बाहेर पाऊस लागतो म्हणून. अप्पांनी विचारलं की, "उद्या काढतो भाईर." असं दोन वर्षं उद्याच चाललं होतं.

त्यात पौषात थंडी पडली, बायको म्हणाली गार वारा येतोय, तर मी शहाण्यानं पट्ट्यांवर आतून प्लॅस्टिक चिकटवलं. मी! चौदा वर्षं लोकांना सांगणारा!

माझ्या मायला एक खोड. दर आवसेला रोशनदानाच्या काचा बाहेरून काढायच्या, राखेनं घासायच्या, परत बसवायच्या. मी दर वेळी ओरडायचो, "माय, हात लावू नको, क्लिपा ढिल्या व्हतेत!" ती म्हणायची, "तू तुझ्या दुकानात बघ."

त्या दिवशी सकाळी मी दुकानात. सुनंदा, माझी बायको, आंघोळीला गेली. माय अंगणात तांदूळ निवडत होती. मगानं पाणी ओतायचा आवाज थांबला. मायनं हाक मारली, ओ नाही. दुसरी मारली, ओ नाही. तिनं बाहेरची गॅसची टाकी बंद केली, बादली पालथी घातली, वर चढली, चार काचा काढल्या, प्लॅस्टिक फाडलं आणि हात घालून शेजारच्या दाराची कडी काढली. सत्तरीची बाई! एक काच फुटली नाही.

शेजाऱ्यांचा फोन आला, आम्ही तिघं दुकानातून पोचलो तेव्हा सुनंदा अंगणात बाजेवर होती, डोळे उघडे. तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर हवा मिळाली म्हणून वाचल्या." अप्पांनी तिथंच व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकवलं आणि लहान लेकरासारखे रडले. युसूफभाई म्हणाले, "गाली मिली, भाभी बच गई," आणि कुणाला न सांगता निघून गेले.

संध्याकाळी कपडे न्यायला घरी आलो. गिझर बाहेरच्या भिंतीवर लागलेला होता. युसूफभाई बसवून गेलेसुद्धा होते. माय अंगणात बसली होती.

"कशी हाय?"

"बरी हाय. चहा मागून राहिली."

मायनं मान हलवली. तिच्या शेजारी भिंतीला चारही काचा ओळीनं टेकवलेल्या, चकाचक. मी खाली बसलो, तिचे पाय धरले, आणि मला रडूच आवरेना. माय माझ्या डोक्यावरून ओला हात फिरवत राहिली. मी काचांकडं बघतोय हे तिच्या लक्षात आलं. तिला वाटलं, आता हा ओरडणार.

"निघाल्याच होत्या," ती म्हणाली, "म्हनून धुऊन घेतल्या."