कळीचा चुना

धुकं इतकं दाटलं होतं की भट्टीचं धुराडं मधूनच कापल्यासारखं दिसत होतं. टेलरबाईंनी आवार झाडलं, हौदाच्या कठड्यावरचं दव पुसलं आणि सवयीनं बाकंही मांडून ठेवली. शाळेची पोरं आज येणार नव्हती. सरकारी साहेब येणार होते, भट्टी उघडी ठेवायची की कुलूप ठोकायचं ते ठरवायला.

बाईंचं आयुष्य मशीनवर गेलं. लोकांच्या शर्टांच्या कॉलरी उलटवता उलटवता मान आखडली. नवरा बस डेपोत मेकॅनिक. रिटायर झाल्यावर तो घरात नुसता अंगावर यायचा. चहा पाणचट का, पंखा कुरकुरतो का. मग त्याला बंद पडलेली ही जुनी चुन्याची भट्टी सापडली आणि बाईंना घर मोकळं झालं. त्यानं चार म्हातारे जमवले, झुडपं तोडली, चुना मळायची घाणी फिरती केली. फुकटात. बाईंनी जुन्या काळच्या मजुरांसारखे कपडे शिवले, मुद्दाम ठिगळं लावून. आजवर ठिगळं लपवायचे पैसे घेतले, आता दाखवायची फुकट लावतेय, असं म्हणून हसायच्या.

शाळांच्या पोरांपुढं जुन्या काळचं काम करून दाखवायचं, असा खेळ बसला होता. मेकॅनिक भट्टीवाला होऊन हौदात पाणी ओतायचा, डोळे धरून किंचाळायचा आणि आडवा व्हायचा. बाई तेलाची चिंधी त्याच्या डोळ्यांवर दाबून पोरांना सांगायच्या, तेव्हा एवढाच उपाय होता, कितीतरी मजूर असे आंधळे झाले. पोरं चिडीचूप. हौदात असायचा विझवलेला चुना, म्हणजे नुसता पांढरा चिखल.

मागच्या महिन्यात भिंतीच्या डागडुजीसाठी गवंड्यानं कळीचा चुना आणून ठेवला. हा न विझवलेला, पाणी लागलं की उकळणारा. पोरांना एकदा खरी वाफ दिसू दे, म्हणत मेकॅनिकनं त्यातली ढेकळं हौदात टाकली. लांबून ओता, एवढं बाई म्हणाल्या. तो कुणाचं ऐकतोय!

पाणी पडलं, हौद उसळला, तो किंचाळला. आणि बाईंनी चिंधी दाबून नेहमीचं बोलणं सुरू केलं. तो टाचा घासत होता, बायकोला नावानं हाका मारत होता. बाईंना वाटलं, वाफ बघून आज गडी रंगात आलाय. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळं सांगून झाल्यावर बाईंनी चिंधी उचलली, तेव्हा त्यांना कळलं. लगेच भरपूर पाण्यानं धुतलं असतं तर एक डोळा तरी वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आज निघताना नवऱ्यानं त्यांचा हात धरला होता.

"गवंड्याचं नाव सांग. त्यानं चुकून मिसळला म्हण. त्याला दुसरीकडं काम मिळेल गं. भट्टी उघडी राहिली तर मी घाणीचा आवाज तरी ऐकत बसेन. घरात काय करू मी?"

बाईंनी हात सोडवला आणि चपला घातल्या.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, बुटाला चिखल लागला तरी कुरकुरला नाही. गवंड्यालाही बोलावलं होतं. तो हौदाकडं पाठ करून उभा होता, नखं कुरतडत. साहेबांनी विचारलं, हौदात कळीचा चुना कुणी टाकला?

बाईंनी एकदा गवंड्याकडं पाहिलं.

"आमच्या ह्यांनीच टाकला. मी बघत होते."

"मग डोळे लगेच का नाही धुतले?"

"मी बोलत होते, साहेब. पोरांना माहिती देत होते."

साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि पिशवीतून कुलूप काढलं. फाटक गंजलं होतं, ते ओढायला गवंड्यानं हात लावला. कुलूप लागलं. गवंडी बाईंना काहीतरी म्हणायला आला, पण बाई थांबल्या नाहीत.

घरी नवरा खाटेवर बसून होता. पायरवानं त्यानं मान वळवली.

"घेतलंस नाव?"

"नाही."

त्यानं खाटेची कड चाचपली.

"कुलूप आपलंच लावलं का?"

"नाही. त्यांनी नवं आणलं होतं."

मग त्यानं भिंतीकडं तोंड केलं. चहा टाकू का, असं बाईंनी दोनदा विचारलं. शेजारच्या ड्रायव्हरचा शर्ट संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, त्याची एक बाही अजून सुटीच होती. बाईंनी मशीनवरची खोळ काढली, दोरा जिभेवर ओला केला आणि सुईच्या नेढ्यात ओवला.