राघूअण्णा आज भांडले नाहीत

मित्रांनो, आज ऑफिसात एक माणूस भांडला नाही, म्हणून हे लिहितेय.

महादेवपुऱ्यातली आमची कंपनी आयसीयूतल्या मॉनिटरचं सॉफ्टवेअर बनवते. टेस्टिंगचे राघूअण्णा तापट आहेत, आवाज चढवून चुका दाखवतात. मागच्या आठवड्यात स्वभाव ओळखण्याचं ट्रेनिंग झालं. त्यात ते 'आक्रमक' ठरले आणि मॅनेजरने त्यांना सगळ्यांसमोर बोलणं सुधारायला सांगितलं.

आज मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "उद्या नवीन सॉफ्टवेअर हॉस्पिटलला देऊ या ना?"

अण्णा म्हणाले, "सरी." म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक आहे'. एवढंच. मॅनेजर खूश. ट्रेनिंगचा फायदा झाला म्हणाले.

नंतर कॅन्टीनमध्ये मी अण्णांना गाठलं. आम्ही दोघं चामराजपेटचे, आपसात घरचीच मराठी बोलतो.

"अण्णा, खरंच सगळं ठीक आहे?"

"नाही अक्का. पेशंटचा ऑक्सिजन उतरला तरी कधीकधी अलार्म उशिरा वाजतो. पण मी बोललो की सगळे माझा स्वभावच बघतात. म्हणून बोलणं सोडलं."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला भीती वाटली.

मी तशीच मॅनेजरकडे गेले. ते हसून म्हणाले, "तू फार काळजी करतेस. ट्रेनिंगमध्ये तुझा टाइप तोच आला होता."

मग मी त्यांच्या वरिष्ठांना सगळं मेलवर कळवलं. अजून उत्तर नाही. सॉफ्टवेअर उद्या सकाळी जाणार आहे.

तुमच्या ऑफिसात, कुणी धोका सांगितला की आधी काय तपासतात? धोका, की सांगणाऱ्याचा स्वभाव?