घड्याळापाशी अडलेला फ्लक्सबॉक्स

ग्रुपवाल्यांनो, आज सिरोंच्यातल्या माझ्या सायबर कॅफेत लक्ष्मीबाई आल्या. हैदराबादहून लेकीनं बाळाचा फोटो ईमेलवर पाठवला होता. बाळ त्यांनी अजून पाहिलंच नव्हतं.

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि त्यावर मेनू-खिडक्या दाखवणारा हलका प्रोग्रॅम फ्लक्सबॉक्स आहे. चालू केला, तर काळ्या स्क्रीनवर नुसतं घड्याळ.

"भाऊ, फोटो गेला का जी?"

"नाई बाई, फोटो आहे. कॉम्प्युटरच अडून राह्यला."

स्टार्टअपची फाइल, म्हणजे सुरुवातीला काय काय चालू करायचं त्याची यादी, उघडली. घड्याळाच्या ओळीशेवटी & हे 'थांबू नको, पुढच्या ओळीवर जा' सांगणारं चिन्ह टाकायचं राहून गेलं होतं, म्हणून घड्याळ बंद होईस्तोवर फ्लक्सबॉक्स सुरूच होत नव्हता. चिन्ह टाकलं, कॉम्प्युटर परत चालू केला, ईमेलमधला फोटो उघडला.

लक्ष्मीबाईंनी स्क्रीनवर हात ठेवला. "नाक माह्यावरच गेलं."

मागं गिऱ्हाईकं ताटकळली होती. मी प्रिंट काढून देतो म्हणालो, तर म्हणाल्या, "थांब ना भाऊ, अजून पाहू दे."

तुम्ही उठवलं असतं?